सव्वा किलोचा सालगडी

इतिहास हा विषय मला शाळेत कधी झेपला नाही. सनावळ्यांचा जाच चुकावा म्हणून मी कॉमर्सला गेलो, आणि नशीब असे की बँकेत कारकून होऊन गेली वीस-बावीस वर्षे तारखांचेच शिक्के मारतो आहे. अशा माणसाने इतिहास लिहायला बसणे म्हणजे कॅशियरने कीर्तनाला उभे राहण्यासारखे आहे. पण राजेमहाराजांचा इतिहास लिहायला पुष्कळ विद्वान आहेत. मला ज्याचा इतिहास लिहायचा आहे, त्याच्याकडे कोणा विद्वानाचे लक्ष जाण्याची शक्यता नाही. तो आमच्याकडचा सालगडी आहे. वजन सव्वा किलो. पगार नाही, चहा-तंबाखू नाही, दर पाडव्याला नवा करार करायची भानगड नाही. सोळा वर्षे बिनतक्रार राबतो आहे. त्याचे नाव नेटबुक.

हा शब्द आता तरुण मंडळींना ठाऊक नसतो. नेटबुक म्हणजे लॅपटॉपचे धाकटे भावंड. आमचे शाळेतल्या पाटीएवढे आहे. पडदा दहा इंची, आणि कळफलक असा की माझ्या एका बोटाखाली दोन अक्षरे सुखाने नांदतात. त्यामुळे सुरुवातीच्या काळात मी 'साहेब' लिहायला जाई आणि भलतेच काही उमटे. साहेबांनी ते कधी पाहिले नाही, म्हणून नोकरी टिकली.

हे मी २००९ च्या दिवाळीत नांदेडला घेतले. आदल्याच वर्षी गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली होती. शहरात नवे रस्ते, नवे पूल झाले होते, त्यामुळे आपणही काहीतरी नवे करावे अशी हवा होती. माझ्या नवेपणाची मर्यादा मात्र बँकेकडून मिळालेल्या सणाच्या उचलीएवढी होती. दुकानात मोठे लॅपटॉप ओळीने मांडलेले. मी किमतीच्या चिठ्ठ्या वाचत वाचत कोपऱ्यापर्यंत सरकलो, तिथे हे बसले होते. दुकानदार अनुभवी. त्याने माझा चेहरा वाचला आणि मेगाहर्ट्झ-गिगाबाइट यांतले एक अक्षर न उच्चारता म्हणाला, "साहेब, लाइट गेली तरी पाच तास चालतंय."

मराठवाड्यात त्या काळात यापेक्षा मोठी जाहिरात असू शकत नव्हती. भारनियमनाचे ते दिवस. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसे, शहरांत वेळापत्रक लावून जाई आणि वेळापत्रक मोडून येई. आमच्या घरी पंचांगाच्या शेजारी भारनियमनाचा कागद टांगलेला होता, आणि दोहोंपैकी पंचांग जास्त भरवशाचे होते. मी उचल मोजून दिली. घरी खोके उघडल्यावर सौ.ने दोन शब्दांत परीक्षण केले : "मोठं कधी?"

ते मोठे होणार नव्हते. त्याच्या घराण्यातच कोणी मोठे झाले नव्हते, हे मला पुढे कळले. आता थोडे त्या घराण्याकडे वळू.

या कुळाचा मूळ पुरुष गरिबांच्या मुलांसाठी जन्माला आला. २००५ साली अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटी नावाच्या प्राध्यापकांनी जाहीर केले की, जगातल्या प्रत्येक गरीब मुलाच्या हाती शंभर डॉलरांचा लॅपटॉप द्यायचा. त्याच वर्षी ट्यूनिसच्या परिषदेत त्याचा नमुना दाखवला गेला. त्याला बाजूने एक दांडा होता. वीज नसेल तिथे पोराने रसवंतीच्या चरकासारखा दांडा फिरवायचा आणि अभ्यासाला बसायचे. पुढे हा दांडा गळाला. किंमतही शंभरावर राहिली नाही, जवळजवळ दुप्पट झाली. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांचे नाते बँकेतल्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. कर्जाच्या फायली आम्ही रोज पाहतो.

आपल्या केंद्र सरकारने २००६ साली या योजनेला नकार दिला. तरी २००७ साली भारतातला पहिला प्रयोग झाला, आणि तो झाला आपल्या महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरवाडा नावाच्या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत. पोरे वीस-बावीस. ज्या काळात मुंबईच्या साहेबलोकांकडेही लॅपटॉप दुर्मीळ होता, त्या काळात डोंगरातल्या धनगरांच्या मुलांच्या हाती हिरवे-पांढरे यंत्र आले. त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई, आणि आत होते लिनक्स.

लिनक्स म्हणजे यंत्र चालवणारी प्रणाली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जगाला कळवले की, मी हौसेखातर एक प्रणाली लिहितो आहे, काही फार मोठे नाही. पुढे ती त्याने फुकट वाटली, आतला सगळा मजकूर उघडा ठेवून वाटली. ज्याला पाहिजे त्याने घ्यावी, दुरुस्त करावी, पुढच्याला द्यावी. फक्त देताना तिचा उघडेपणा झाकायचा नाही. माझ्या कॉमर्सच्या डोक्याला हा व्यवहार अजून उमगलेला नाही. यात नावे कोणाच्या टाकायचे आणि जमा कोणाच्या करायचे? ताळेबंद जुळत नाही, आणि तरी पेढी तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आमच्याकडे सगळा ताळेबंद जुळलेल्या पतसंस्था बुडालेल्या मी पाहिल्या आहेत.

तर शंभर डॉलरांच्या या भानगडीने एक झाले. लहान आणि स्वस्त यंत्राला गिऱ्हाईक आहे, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. २००७ च्या ऑक्टोबरात तैवानच्या आसूस कंपनीने 'ई-पीसी' काढला. सात इंची पडदा, वजन किलोच्या आत, ५१२ मेगाबाइट मेमरी, सामान ठेवायला जागा फक्त चार गिगाबाइट, आणि आत पुन्हा लिनक्सच. तो धडाक्याने खपला. लगोलग इतर कंपन्या धावल्या. आपल्याकडे एचसीएलने २००८ च्या आरंभी 'मायलीप' आणला. त्याच वर्षी इंटेलने या बटूंसाठी खास 'ॲटम' नावाची चिप काढली. ती जास्तीत जास्त अडीच वॅटच्या आसपास वीज खाई. हिशेबासाठी सांगतो : घरातली जुनी ट्यूबलाइट चाळीस वॅटची असते. आमचे अख्खे नेटबुक, पडद्यासकट, त्या ट्यूबलाइटच्या निम्म्यातही भागते. इतका मिताहारी प्राणी आमच्या घराण्यात आजोबांनंतर झाला नाही.

पण बाजारात सज्जनाचे फार दिवस चालत नाही. मायक्रोसॉफ्टची २००७ साली आलेली नवी प्रणाली 'व्हिस्टा' इतकी वजनदार होती की ती या बटूच्या पाठीवर चढताच बटू बसला असता. म्हणून कंपनीने निवृत्तीला आलेल्या 'एक्सपी'ला नेटबुकांपुरती २०१० पर्यंत मुदतवाढ दिली. हळूहळू बहुतेक नेटबुकांतून लिनक्स गेले आणि एक्सपी आले. माझ्याही यंत्रात तेच होते. मागाहून 'विंडोज सेव्हन'ची एक 'स्टार्टर' आवृत्ती काढली. तिच्यात पडद्यामागचे चित्रही बदलता येत नसे! गरिबाने स्वस्त घर घेतले तर त्याने भिंतीवर स्वतःचा कॅलेंडरही लावू नये, असा काहीसा दंडक. पुढे २०१० साली आयपॅड आला, पाठोपाठ टॅब्लेटांची जत्रा भरली, आणि २०१३ उजाडेपर्यंत आसूस आणि एसर या दोन्ही बड्या कंपन्यांनी नेटबुके बनवणे थांबवले. एक्सपीची दुरुस्ती-देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी कायमची बंद झाली. म्हणजे पाच-सहा वर्षांत बारसे, मुंज, लग्न आणि तेरावे, सगळे उरकले.

आमचे नेटबुक मात्र यातले काही वाचत नव्हते. ते तेव्हा लातूरला होते.

लातूरला आमचे अण्णा राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मी नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एस.टी.ने महिन्यातून एकदा जातो. २०११ साली असाच गेलो असताना नेटबुक बरोबर होते. अण्णांनी ते हातात घेऊन तोलले, पाटीसारखे मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "हे ठेव इथंच. मला थोडं लिहायचंय."

काय लिहायचे ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. आमच्या घरात अण्णांना प्रश्न विचारायची पद्धत नाही. ते विचारतात, आम्ही उत्तरे देतो, आणि ती चुकतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, ते सर्वांना आठवत असेल. पहिली गाडी एप्रिलच्या बारा तारखेला पोहोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी एका ड्रमात आठवडा निघे. भाज्या धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे झाडांना. अण्णा नेटबुकवर टाइप करत बसले होते. मी म्हणालो, "अण्णा, हे फार हळू चालतंय. नवा घेऊ या का?" ते मान वर न करता म्हणाले, "माझं लिहिणंबी हळूच आहे. ज्याला जेवढं लागतं तेवढं पुरलं की बास." कोपऱ्यातल्या ड्रमाकडे पाहून मी गप्प बसलो.

आणि मग गेल्या वर्षी घात झाला. यंत्राची बॅटरी कधीच मेली होती. ती फुगलीय म्हणून मीच काढून ठेवली होती आणि नवी आणतो म्हणून तीन महिने विसरलो होतो. म्हणजे पाच तास चालणारा आमचा गडी आता दोरीवर जगत होता. एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वीज गेली, आणि अण्णांचे वाक्य अर्ध्यावर असताना यंत्र मिटले. वीज आल्यावर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एवढेच : अमुक एक फाइल सापडत नाही. अण्णांचा फोन आला. "हे उघडंना झालंय रे," म्हणाले, आणि जरा थांबून, "त्यात गाव आहे."

तेव्हा मला कळले की चौदा वर्षे ते काय लिहीत होते.

आमचे गाव औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीची जड माळवदे. ती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आम्ही अण्णांच्या नोकरीमुळे लातूरला भाड्याच्या खोलीत होतो, एवढ्यामुळे मी आज हे लिहितो आहे. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, आमचेही. नव्या गावात सरळ रस्ते आहेत, घरांना क्रमांक आहेत. जुन्या गावात क्रमांक नव्हते. तिथे 'पिंपळाच्या बाजूचं', 'आडावरचं', 'मारुतीच्या पाठीमागचं' असे पत्ते होते. पिंपळ, आड आणि मारुती सोडून ते पत्ते गेले. अण्णा त्यांची यादी करत होते : गल्लीवार, घरवार, कोण राहत होते, दारात काय होते, कोणत्या घरातून कोण उरले.

मी त्याच शनिवारी लातूर गाठले. यंत्र पिशवीत घालून गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी सहा रस्ते पालथे घातले. एका दुकानातल्या पोराने ते उघडले, पाहिले आणि म्हणाला, "काका, याच्यात आता काही राह्यलं नाही. भंगारात द्या. किलोवर जाईल." सव्वा किलो. मी मनात हिशेबही केला. सवयीने.

आमचे चिरंजीव लातूर पॅटर्नचे धडे घेण्यासाठी आजोबांकडेच राहतात. दिवसाला चौदा तास अभ्यास करतात असे त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे. त्यांनी आमची चेहरेपट्टी पाहिली आणि म्हणाले, "बाबा, लिनक्स घालून बघू?"

"अरे, पण जुनं पुसलं जाईल!"

"घालायचं नाही हो. पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवायचं. आतल्या डिस्कला हात पण लावायचा नाही."

हे मला कळले ते असे. यंत्र सुरू होताना आधी घरातल्या डिस्कवर प्रणाली शोधते. तिला सांगता येते की, बाई, आज घरात नको, दारातल्या पेन ड्राइव्हकडे बघ. मग ती तिथली प्रणाली उचलून स्वतःच्या मेमरीत मांडते आणि तिच्यावर चालते. घरातले सामान जसेच्या तसे राहते. आमच्या यंत्राची दाराची चौकट मोडली होती, आतला संसार जागच्या जागी होता. दुकानातला पोरगा चौकट पाहून घर पडले म्हणत होता. भूकंपाच्या मुलखात तरी असे म्हणू नये.

आता प्रश्न कोणती प्रणाली चालवायची. आमच्या यंत्राची मेमरी एक गिगाबाइट आणि चिप ३२ बिटी. आजकालच्या भरजरी प्रणाली अशा घराच्या पायरीवरही उभ्या राहत नाहीत. उबुंटू या नावाजलेल्या लिनक्सने २०१७ सालीच ३२ बिटीला निरोप दिला. गंमत म्हणजे, खुद्द लिनक्स ज्या ३८६ जातीच्या चिपवर जन्मले, तिचीही ओळख त्याने २०१२ च्या डिसेंबरात सोडून दिली. मोठे झाल्यावर गावाकडची ओळख विसरणे फक्त माणसांतच असते असे नाही. पण लिनक्सच्या भाऊबंदकीत काही हलकी-फुलकी मंडळी आहेत. 'पपी' नावाचे एक आहे, ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ साली काढलेले आणि स्वतःच्या कुत्र्याचे नाव दिलेले. 'डॅम स्मॉल' नावाचे एक होते, ते अवघ्या ५० मेगाबाइटांत मावे. आणि 'अँटीएक्स' नावाचे एक आहे, जे जुन्या यंत्रांसाठीच चालवले जाते आणि २०२३ सालच्या आवृत्तीतही ३२ बिटीला जागा ठेवून आहे. चिरंजीवांनी ते उतरवून घेतले. कर्त्याचे नाव विचारले तर कळले की तो ग्रीसमध्ये राहतो आणि टोपणनाव घेतो 'अँटीकॅपिटलिस्टा'. म्हणजे भांडवलविरोधी! मी वीस-बावीस वर्षे बँकेची चाकरी केली, आणि अण्णांचे गाव वाचवायला आला तो भांडवलविरोधी. मी साहेबांना सांगितलेले नाही.

पेन ड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर सरकल्या. मला बँकेतले पहिले दिवस आठवले. तेव्हा शाखेतले यंत्र युनिक्सवर चाले आणि असाच काळा पडदा समोर असे. लिनक्स त्याच युनिक्सच्या वळणावर घडलेले, म्हणजे लांबचे का होईना, नात्यातले. मिनिटभरात पडदा उजळला. मेमरीतले दीड-दोनशे मेगाबाइट घेऊन गडी कामाला उभा. आतली डिस्क दिसली. फोल्डर दिसले. फाइल दिसली. अण्णांनी चष्मा पुसला. चिरंजीवांनी फाइल उघडली.

आत सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. ना शेंडा ना बुडखा. अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा काढून त्यांनी घडी घातली.

मी हताश झालो, पण इथे कारकुनी कामाला आली. आमच्या शाखेतही जुनी मराठी पत्रे नव्या यंत्रावर अशीच उघडत. जुन्या मराठी फाँटांची रीत अशी की, यंत्राच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच असायचे; फाँट फक्त त्याच्यावर 'क'चा मुखवटा चढवायचा. फाँट नसला की मुखवटा उतरला, आतला इंग्रज उघडा. म्हणजे मजकूर शाबूत होता, फक्त मुखवटे हवे होते. आणि ते कुठे असणार? त्याच डिस्कवर, जुन्या प्रणालीच्या फाँटांच्या पेटीत! चिरंजीवांनी ती फाइल तिथून उचलली, लिनक्सच्या फाँटांच्या फोल्डरात ठेवली, मजकूर पुन्हा उघडला.

पहिली ओळ दिसली : पाटलाचा वाडा, दारात कडुनिंब. त्याखाली सात नावे. मग शेजारचे घर. मग पुढचे.

अण्णा मोठ्याने वाचू लागले. एकेक घर घेत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. चिरंजीवांनी आपले चौदा तासांतले दोन तास त्या दिवशी तिथेच घालवले, आणि मी त्याबद्दल त्यांना काही बोललो नाही.

पुढचे काम कारकुनी. मजकुराच्या तीन प्रती केल्या : एक नांदेडला, एक लातूरला, एक चिरंजीवांच्या मोबाइलमध्ये. सगळे युनिकोडमध्ये बदलून घेतले, म्हणजे आता अक्षराचा चेहरा आणि अक्षर एकच. फाँट बदलला तरी 'क' हा 'क'च राहणार. मग लिनक्स डिस्कवर कायमचे घातले, आणि नवी बॅटरी आणली. ती यंत्राच्या आजच्या किमतीपेक्षा महाग पडली. बँकेच्या भाषेत हे कर्ज बुडीत. मी ते मंजूर केले.

सालगड्याचे पुढे काय? ३२ बिटी म्हाताऱ्यांचे दिवस भरत आले आहेत. डेबियन हे मोठे घराणे, ज्याच्या आधारावर अँटीएक्स उभे आहे, त्याने २०२५ च्या ऑगस्टपासून ३२ बिटी यंत्रांवर नव्याने बस्तान बसवणे बंद केले. शिवाय युनिक्सवाल्यांचा एक शक आहे. आपला शालिवाहनाचा, त्यांचा १ जानेवारी १९७० पासूनचा. तेव्हापासून ते सेकंद मोजत आले आहेत. जुने ३२ बिटी घड्याळ २१४ कोटी ७४ लाखांच्या थोडे पुढे मोजू शकत नाही. तो आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी, आपल्या वेळेने ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. माझी निवृत्तीही २०३८ सालचीच. दोघांनी एकदमच हार घ्यावेत, असा माझा विचार आहे.

हे मी अण्णांना समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मास्तर ऐकतात तसे, चूक शोधत.

"म्हणजे अजून बारा वर्षं आहेत?"

"हो, अण्णा."

"मग पुरं झालं. माझ्या दोनच गल्ल्या ऱ्हायल्यात," ते म्हणाले. "आणि ती बॅटरी पुन्हा काढून ठेवू नको."